मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन न्यू ऑर्लीन्स (जॅझ, जुनं गाव, शाकाहारी जेवण)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आई-बाबा आमच्याकडे ह्यूस्टनला येताहेत. तेव्हा एका लाँग वीकेंडला गाडीने न्यू ऑर्लीन्स करायचं ठरतंय. बाबांनी उमेदीची वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात घालवली. जॅझचा क्लॅरिनेटवादक सिडनी बेशे आणि ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या गावात त्यांना वादकांच्या अगदी पुढ्यात बसून ऐकायला मिळावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप. बाकीचं त्याच्या अवतीभवती बसवू.

प्रिझर्वेशन हॉल या जॅझच्या छोट्या सभागृहात माइक-स्पीकर न लावता वाजवतात, म्हणून पहिली पसंती तीच. पण तिथे बाकं मोजकी, बरेच लोक उभ्याने ऐकतात असं कळलं. बाबांचे गुडघे दुखतात. बसायची जागा आधी राखून ठेवता येते का? फ्रेंचमन स्ट्रीटवर संगीत उत्तम असलं तरी बहुतेक बारच, आई तिथे अवघडून जाईल. रविवारची सेकंड लाइन मात्र दोघांनाही आवडेल: पुढे ब्रास बँड, मागे नाचत निघालेली अख्खी वस्ती. पूर्ण मिरवणुकीबरोबर चालणं जमणार नाही. वाटेत एका जागी खुर्ची टाकून बघितलं तर चालतं का?

फ्रेंच क्वार्टर, म्हणजे शहराचा जुना भाग, बघण्याआधी त्यांना शेजारच्या ट्रेमे वस्तीतला काँगो स्क्वेअर दाखवायचाय. गुलामांना रविवारी तिथे जमून ढोल वाजवायची, नाचायची मुभा होती. ते न बघता नुसत्या लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्यांचे फोटो काढून परतणं मला पटत नाही. गुलामांच्या बाजूने इतिहास सांगणारं व्हिटनी प्लँटेशन (जुना मळा, आता संग्रहालय) हेही मनात आहे. ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलंय का? उन्हात चालणं किती पडतं?

आता जेवण. आई शाकाहारी, अंडंही खात नाही. गम्बोत (तिथला दाट रस्सा) भेंडी असते खरी, पण सोबत कोळंबी नाहीतर सॉसेज. तिथे सोमवारी घरोघरी शिजणाऱ्या राजमा-भातात डुकराचं मांस, आणि पालेभाज्यांच्या गम्बो झेर्बमध्येही बहुधा मांस घालतातच. बिनमांसाचं क्रिओल, म्हणजे तिथलं पारंपरिक, जेवण मिळणारं ठिकाण कुणी स्वतः जेवून आलं असेल तर नाव सांगा. दर वेळी इंडियन रेस्टॉरंट नको, तिलाही त्या गावची चव कळू दे. चिकोरीची कॉफी चालेल, पण बेन्येच्या (तिथली तळलेली गोड पुरी) पिठात अंडं असतं का?

राहायला क्वार्टरमध्येच बघू, की सेंट चार्ल्स रस्त्यावरच्या ट्रामलगत स्वयंपाकघर असलेली जागा बरी पडेल?