अवयव पाडायचे की काढायचे?

कुळागर: गोव्यात फोंड्याजवळ गणिताची शिकवणी घेते, आठवी ते बारावी. आमच्याकडची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत आणि पाचवीपासून एकदम इंग्रजीत, म्हणून सरावाचा कागद दोन्ही भाषांत काढते. परवा लिहिलं, 'खालील राशींचे अवयव पाडा.' एका मुलाच्या आजोबांनी (जुने शिक्षक) लाल शाईने 'पाडा' खोडून 'काढा' केलं आणि कागद परत पाठवला. बरोबर कोण? आणि मॅट्रिक्सला (रांगा आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीला) मराठीत काय लिहू?

तिसरा बाक: पाडाच. फोडी पाडतो, तुकडे पाडतो, हिऱ्याला पैलू पाडतो. त्यात खाली काही पडत नाही. काढणं म्हणजे आतलं बाहेर घेणं. ३कख + ६क मधून ३क बाहेर काढला, कंसात उरलं ख + २. सामाईक काढायचं, अवयव पाडायचे. आजोबांना सांगा.

माडावरचा: आमच्या वाड्यावर पाडणारा एकच, माडावर चढून नारळ उतरवणारा पाडेली. तोही हल्ली मिळत नाही. आठवीत सरांनी 'अवयव पाड' म्हटल्यावर मागून आवाज आला, 'कोयतो हाडूं?' (कोयता आणू?) अख्खा वर्ग तासभर उभा.

शुद्धमती: विनोद पुरे. मॅट्रिक्स म्हणजे आव्यूह. शब्द असताना उसनवारी कशाला?

तिसरा बाक: तो हिंदी पुस्तकांतला. तिथे डिटरमिनंटला (चौरस मॅट्रिक्सवरून काढलेल्या एका संख्येला) 'सारणिक' म्हणतात, मराठी दहावीत 'निश्चयक'. एक इथला, एक तिथला घेतलात तर पोरं चक्रव्यूहात.

शुद्धमती: इंग्रजी तरी कुठे सरळ आहे? सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने १८५० मध्ये मॅट्रिक्स शब्द घेतला तो लॅटिनमधल्या गर्भाशयावरून, कारण त्यातून निश्चयक जन्मतात. व्यूहात निदान रांगा तरी दिसतात.

मांडवीकाठ: अल्जिब्रा मूळ पोर्तुगीजच ना? आमचे आजोबा लिसेवात (पोर्तुगीज हायस्कुलात) शिकलेले, ते 'आल्झेब्रा' म्हणत.

तिसरा बाक: अरबी हो. अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या पुस्तकातलं 'अल्-जब्र', नवव्या शतकातलं. जब्र म्हणजे मोडलेलं सांधणं. जुन्या पोर्तुगीजमध्ये 'आल्झेब्रिश्ता' म्हणजे चक्क हाड बसवणारा.

माडावरचा: म्हणजे अवयव आम्ही पाडायचे, बसवायचे त्याने!

शुद्धमती: आणि आपलं कोण सांगणार? भास्कराचार्यांचं 'बीजगणित' ११५० चं. अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं होती. क्ष आला आणि सगळं काळंपांढरं झालं.

मांडवीकाठ: काळा तर होताच की, कालक!

कुळागर: सगळं वाचलं, पण कागद संध्याकाळी झेरॉक्सला द्यायचाय. मॅट्रिक्स तसंच ठेवते. तिसरं गणित २क्ष² + ७क्ष + ३. तिथे मी 'मधल्या पदाची फोड करा, ६क्ष आणि क्ष' असं लिहिलंय. त्याला आजोबांनी हात लावलेला नाही.

माडावरचा: बाय, फोडायला कोण नाही म्हणेल? भांडण पाडण्यापुरतंच. नारळ खाली आला की सगळे गप्प.