काइमसरांचे आकडे २००८ ला थांबले, आमची पऱ्हाटी (कापूस) नाही

कोरडवाहू_भाऊ
परवा इथं एका साहेबांनी ठणकावलं की बीटी कापसावर (बोंडअळीला मारणारा जीन घातलेलं बियाणं) तोंड उघडायच्या आधी मातिन काइम वाचा, जर्मनीतले प्रोफेसर, जगभर सायटेशन्स, तुम्ही काय बांधावर उभं राहून अक्कल शिकवता. वाचलं बुवा, दोन रात्री घालवल्या. २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात काइम-झिल्बरमन यांचा पेपर, बीटीचं उत्पन्न सरासरी ८० टक्के जास्त. माहिती कुठली, तर २००१ च्या चाचणी प्लॉटची, १५७ शेतं, आणि चाचण्या लावल्या महिकोने, म्हणजे बीटी बियाणं विकणाऱ्या कंपनीनेच. त्या वर्षी अळीही जबर होती, मग फरक दिसणारच ना. माझं म्हणणं एवढंच आहे की विद्वानाचा प्रभाव किती जणांनी उद्धृत केलं यावर नका मोजू, पेरणाऱ्याच्या घरात पुढं काय झालं त्यावर मोजा.

सांख्यिकी_मास्तर
दोन रात्रीत पहिलाच पेपर झाला वाटतं. पुढचाही वाचा. २००२ ते २००८ चार वेळा त्याच त्याच शेतकऱ्यांकडे गेले, चार राज्यं, त्यात महाराष्ट्रही. २०१२ ला छापलं: एकरी उत्पन्न २४ टक्के जास्त, नफा ५० टक्के, घरखर्च १८ टक्क्यांनी वाढला. म्हणजे शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात मोजल्यावर ८० चे २४ झाले आणि ते त्यांनीच सांगितलं. हे कोणी सांगत नाही.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
सर, ते २००८ लेच थांबले, बीटीलेही न मरणारी गुलाबी बोंडअळी आमच्याकडे २०१७ ले आली. मले सांगा, डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, पाहिल्या का कधी तुमी? वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत कवडी, सडका डागी कापूस. पाच एकरात तिसरी वेचणी झालीच नाही, उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला.

सांख्यिकी_मास्तर
वाईट वाटलं भाऊ, खरंच. पण २०१७ च्या अळीसाठी २००८ च्या सर्व्हेला दोषी धरणं म्हणजे पाऊस आला म्हणून पंचांग फाडणं.

कोरडवाहू_भाऊ
पंचांगच चुकीचं निघालं तर? याच काइम यांचा २०११ चा पेपर आहे, बीटीमुळे फवारणीची विषबाधा कमी झाली म्हणून. आणि २०१७ ला एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना वीसच्या वर माणसं गेली. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० ला लिहिलं की कीटकनाशकावरचा खर्च बीटीच्या आधीपेक्षाही वर गेलाय, आणि उत्पन्न वाढलं त्यात खत-पाण्याचाही मोठा वाटा. ते का नाही वाचायला सांगत कोणी?

बांधावरची_ताई
सगळे प्रोफेसरवर घसरलेत, पण नॉन बीटीची पुडी कोणी फेकली ते बोला ना. पाकिटासोबत वेगळी यायची, कडेनं लावायची, म्हणजे अळीला साधी झाडं खायला मिळतील आणि सगळी पिढी बीटी पचवायला शिकणार नाही. आमच्या अख्ख्या गावात कोणी लावली नाही. वर फरदड, म्हणजे वेचण्या झाल्यावरही तेच पीक, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ठेवायची, अळीची सोयच.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
ताई, तीन एकरवाल्यानं कडेच्या ओळी अळीले दान करायच्या? तुमी करता का पगारातून दान? मी एक साल लावली होती, उगवलीच नाही नीट. कृषी केंद्रवाला म्हणे, फेका हो, सगळेच फेकतात.

बांधावरची_ताई
पगार कुणाला आहे? मी स्वतः चार एकर करते, डोक्यावरून बोलू नका. आणि पुडीऐवजी कडेनं तूर लावून "आम्ही नियम पाळला" म्हणणारेही बघितलेत. गुलाबी अळीला तूर चालत नाही, ती बहुतेक कापसावरच जगते.

जिनिंगवाला
कापसाच्या भावावर कोणीच बोलणार नाही का? बरं.

सांख्यिकी_मास्तर
ताईंनी नेमकं बोट ठेवलं. बियाणं टिकवायची शिस्त आपण मोडायची आणि पाप तिकडे जर्मनीत, बॉनमध्ये बसलेल्या काइमसरांच्या माथी.

कोरडवाहू_भाऊ
"आपण" म्हणजे कोण मास्तर, तुमच्या गच्चीवर कापूस आहे का? कबूल, पुडी मीही फेकली, बास? पण कडेच्या ओळी सोडायला शेतकरी परवडत नाही म्हणतो हे कुठल्या सर्व्हेत आलं होतं? नफा ५० टक्के वाढला हे मोजता आलं, तो नफा टिकायला काय काय पाळावं लागेल आणि कोण पाळणार, ते मोजायची गरज वाटली नाही.

सांख्यिकी_मास्तर
एवढं मान्य. २००८ नंतर पाचवी फेरी व्हायला हवी होती, २०१७ ला तर नक्कीच. पण ८० टक्क्यांवरून तुम्ही त्यांना कंपनीचा माणूस ठरवलंत ते काही मागे घेत नाही दिसता.

कोरडवाहू_भाऊ
कंपनीचा माणूस हा शब्द माझ्या पोस्टमध्ये शोधून दाखवा, मग मागे घेतो.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
आता तर नॉन बीटी सरकी पाकिटातच मिसळून येते. फेकायचं म्हटलं तरी फेकता येत नाही. यंदा डोमकळ्या दिसल्या की फोटो टाकतो मास्तर, मोजून घ्या.