मदत हवी आहे : एकच डोस झालाय, १६ तारखेपासून कामावर कसं पोहोचू?

घरटं | १० ऑगस्ट २०२१, रात्री ११.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीला राहते. मुंबईत मस्जिद बंदरजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीच्या होलसेल दुकानात हिशेब बघते. टॅली सॉफ्टवेअरवरचे हिशेब, जीएसटी, वसुलीचे फोन, सगळं माझ्याकडे. नवरा स्कूलबस चालवायचा. गेल्या वर्षीच्या मार्चपासून शाळा बंद, म्हणजे गाडीही बंद. आता तो सकाळी भाजी पोहोचवतो, पण घर माझ्या पगारावर चालतं.

परवा रविवारी मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की एप्रिलपासून सामान्यांना बंद असलेल्या लोकलनं १५ ऑगस्टपासून कोरोना लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना जाता येईल, दुसऱ्या डोसला १४ दिवस झालेले हवेत. ऐकल्या ऐकल्या मी उठून कॅलेंडर काढलं. माझा पहिला डोस १० जुलैचा, कोविशील्ड. दुसरा त्यापुढे ८४ दिवसांनीच मिळतो, म्हणजे २ ऑक्टोबर. त्यापुढे १४ दिवस म्हणजे १६ ऑक्टोबर. त्या तारखेला पेनानं गोल केला आणि तशीच उभी राहिले. घरात दोन डोस फक्त सासूबाईंचे झालेत, आणि त्या वाण्याच्या दुकानापलीकडे कुठे जात नाहीत. ज्यांना रोज जायचंय त्या आम्हा दोघांचा एकेकच झालाय.

लस घ्यायला मी टाळाटाळ केली असं कुणी म्हणू नये म्हणून सांगते. १ मेला आमच्या वयोगटाचं सुरू झालं तेव्हापासून को-विन या लसनोंदणीच्या साइटवर रोज पिनकोड टाकून बसायचे. शिल्लक जागांचा हिरवा आकडा दिसायचा, बोट टेकवेपर्यंत भरलेलं असायचं. मग मेच्या मध्यावर राज्यानं आमचं लसीकरणच थांबवलं, कारण ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसला लस पुरत नव्हती. ते बरोबरच होतं, त्यांना आधी मिळायला हवी होती. जूनमध्ये पुन्हा सुरू झाल्यावर पहाटे पाचला रांगेत उभी राहिले. दोन वेळा माझ्या पुढच्या बाईपाशी टोकन संपलं. तिसऱ्या खेपेला मिळाला. खाजगीत ७८० रुपयांना मिळत होती, पण दोघांचे १५६० तेव्हा हातात नव्हते.

आता अडचण. जुलैपर्यंत दुकान चारला बंद व्हायचं. डोंबिवलीहून सकाळी सव्वासहाला खाजगी बस सुटते, शिळफाट्याला अडकत अडकत साडेनऊला सीएसएमटी. संध्याकाळी साडेसहाला तीच परत निघते. रोजचे ३०० रुपये. दोन दिवसांच्या भाड्यात पूर्वी महिन्याचा पास निघायचा. तरी जात होते, कारण चारला दुकान बंद झालं की उरलेलं काम उरकून बस गाठता यायची. ३ ऑगस्टपासून दुकानांना रात्रीपर्यंत परवानगी मिळाली. मालकांना आनंद झाला, मलाही झाला, दीड वर्षात प्रथमच गल्ल्यात थोडे पैसे दिसताहेत. पण ते आता आठला बंद करतात. साडेसहाची बस निघून गेलेली असते. मग बेस्टच्या बसनं वाशी, तिथून एनएमएमटी म्हणजे नवी मुंबईच्या बसनं डोंबिवली. काल घरी पोहोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि मुलगी दप्तर उशाला घेऊन झोपली होती. दुकान उघडलं, गाडी उघडली नाही. मधलं अंतर आमच्यासारख्यांनी पायांनी भरून काढायचं, असं झालंय.

मालक आज म्हणाले, "१६ तारखेपासून रोज पूर्ण वेळ पाहिजे. ज्याला येता येतं त्याला मी ठेवणार." आमच्याकडे पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत, त्यांचे दोन्ही डोस झालेत. माझं काम त्यांना द्यायचं मालकांच्या मनात आहे.

आणि आणखी एक, जे घरी सांगितलेलं नाही. ओळखीतल्या एकानं हॉस्पिटलच्या हाउसकीपिंगचं ओळखपत्र करून देतो म्हटलंय, दीड हजारात. बसमधल्या दोघीजणी तशाच कार्डावर जूनपासून लोकलनं जातात.

मला खरं उत्तर हवंय. दुसरा डोस लवकर मिळायचा काही रस्ता आहे का? परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना कोविशील्डचा दुसरा डोस २८ दिवसांनी देतात. त्यांना जो देता येतो तो मस्जिद बंदरला नोकरीला जाणाऱ्याला का नाही? एका डोसवाल्यांना टेस्ट दाखवून जाऊ देतील असं काही आहे का? आणि मालकांशी कसं बोलू?

एक सांगते. बसमध्ये सगळे म्हणतात, सरसकट उघडून टाका. गेल्या शुक्रवारी स्टेशनांवर आंदोलन झालं तेव्हाही बसमध्ये तेच बोलणं. मला त्यांच्यात सूर मिसळता येत नाही. एप्रिलमध्ये माझे मोठे दीर गेले, ४४ वर्षांचे. ऑक्सिमीटर माझ्या हातात होता. ८६ दाखवत होता आणि ते मला विचारत होते, "किती आहे गं?" मी ९३ सांगितलं. बेड तिसऱ्या दिवशी मिळाला. त्यामुळे निर्बंध नकोत असं माझ्या तोंडून निघत नाही. पण हे असे निर्बंधही पेलवत नाहीत.

---

शिळफाटा | ११ ऑगस्ट, सकाळी ७.०५

ताई, आधी ते ओळखपत्र डोक्यातून काढा. रेल्वे पोलीस बनावट कार्डवाल्यांना पकडताहेत. नुसतं विनापास सापडलात तर दंड भरून सुटाल. खोट्या कार्डावर फसवणुकीचा गुन्हा लागतो, आणि हिशेबाच्या कामाला माणूस ठेवताना पुढचा मालक पहिलं तेच बघेल.

पासाची पद्धत आजपासून सुरू झाली आहे. दोन्ही डोसच्या प्रमाणपत्राची प्रत आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन स्टेशनवरच्या पालिकेच्या मदत कक्षात जायचं, ते तपासून शिक्का मारतात, मग तिकीट खिडकीवर महिन्याचा पास मिळतो. सुटं तिकीट देत नाहीत. एका डोसवर काहीही होत नाही. मी आज सकाळी बायकोचा पास काढताना डोंबिवली स्टेशनवर स्वतः विचारलं, तुमचंच उदाहरण देऊन. कक्षातल्या पोरानं हात जोडले, म्हणाला सकाळपासून निम्मे लोक हेच विचारताहेत.

---

निशिगंध | ११ ऑगस्ट, दुपारी २.२०

मी परिचारिका आहे, लसीकरण केंद्रावरच ड्युटी असते. दुसरा डोस ८४ दिवसांआधी द्यायचा म्हटलं तरी को-विन नोंदच घेत नाही. खाजगीतही तेच. परदेशी जाणाऱ्यांची नोंद वेगळी होते, त्यांना पासपोर्ट, प्रवेशपत्र किंवा नोकरीचं पत्र दाखवावं लागतं. त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. कुणी पैसे घेऊन "लवकर मारून देतो" म्हणालं तर कांदिवलीच्या त्या सोसायटीतलं बोगस लसीकरण शिबिर आठवा. लोकांनी पैसे मोजले आणि दंडात लस गेलीच नाही.

आमच्याकडेही तुमच्यासारखे लोक येऊन भांडतात आणि मला त्यांचं चूक वाटत नाही. अंतर १३ मेला वाढवलं. त्याला शास्त्राचा आधार होता, अंतर जास्त ठेवलं की प्रतिकारशक्ती चांगली तयार होते. पण लसच कमी होती हेही त्याच वेळचं खरं. केंद्राच्या दारावर "आज लस उपलब्ध नाही" हा कागद मी किती वेळा चिकटवला ते मलाच माहीत. आता डेल्टा या विषाणूच्या नव्या प्रकाराबाबत इंग्लंडमधला अभ्यास आलाय. या लसीच्या एका डोसनं लक्षणांपासून सुमारे ३० टक्के संरक्षण, दोन डोसनं ६७ टक्के. म्हणून सरकार दोनचा आग्रह धरतंय, त्यात खोट नाही. खोट आहे ती दुसरीकडे. अंतर सरकारनं ठरवलं, तुटवडा आमच्या हातात नव्हता, आणि दोन्हीचा हिशेब मात्र नोकरदाराच्या हजेरीवर निघतोय.

दिरांना ९३ सांगितलंत ते मनाला लावून घेऊ नका. आम्हीही तेच सांगतो.

---

भांडुपकर | ११ ऑगस्ट, दुपारी ४.५०

मी बसमधल्या त्या लोकांच्या बाजूचा आहे आणि स्पष्ट सांगतो. माझी घाटकोपर स्टेशनबाहेर वडापावची गाडी आहे. मार्च २०२० ला लोकल थांबली, जूनला फक्त अत्यावश्यकवाले, ऑक्टोबरात बायकांना परवानगी, फेब्रुवारीत सगळ्यांना पण ठरावीक वेळांत, एप्रिलला परत बंद. माझं गिऱ्हाईक म्हणजे ती गर्दीच. पूर्वी रोज ७५ लाखांवर माणसं लोकलनं जायची. तीच माणसं आज बसला लोंबकळताहेत, टेम्पोत कोंबून जाताहेत. बसमध्ये विषाणू चढत नाही आणि लोकलमध्ये चढतो का? गर्दी थांबलेली नाही, ती फक्त महाग झाली आहे.

तुमच्या दिरांचं वाचून वाईट वाटलं. माझा मेहुणा गेला. तरीही माझं मत तेच.

---

दूरदेशी | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१५

मी मूळची सांगलीची, आता फ्रान्समध्ये असते. इथे याच सोमवारपासून, ९ ऑगस्टपासून, कॅफे, रेस्टॉरंट आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना हेल्थ पास लागतो. दर शनिवारी विरोधात मोर्चे निघताहेत. पण दोन गोष्टी तुमच्या कामाच्या वाटल्या म्हणून लिहिते. एक, पास नुसत्या लसीवर नाही. ७२ तासांच्या आतली निगेटिव्ह टेस्ट किंवा आजारातून बरं झाल्याचा दाखलाही चालतो, आणि टेस्ट सध्या मोफत आहे. दुसरं, रोजच्या मेट्रोला आणि लोकल गाड्यांना तो लागू नाही. तिथे फक्त मास्क. कॉफी प्यायला जाणं आणि कामाला जाणं यात सरकारनं फरक केला. आपल्याकडे निर्णय नेमका कामाला जाण्यावर आला.

घरटं, तुम्ही हे पालकमंत्र्यांना, आमदारांना लिहून पाठवा. लोकल प्रवासाबद्दल वकिलांच्या याचिका उच्च न्यायालयात चालू आहेतच, तिथे लस घेतलेल्यांना का नाही असं विचारलं गेलं आणि मग हालचाल झाली. एका डोसवाल्यांचं कुणी मांडलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

---

ताळेबंद | ११ ऑगस्ट, रात्री ९.३०

मालकांशी बोलायचं ते कामाच्या भाषेत बोला. मी बावीस वर्षं हिशेबाचं काम करतोय. होलसेल दुकानात तुमची खरी गरज कधी असते? जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात तेव्हा, म्हणजे जीएसटीआर-१ च्या ११ तारखेआधी दोन दिवस, ३बी च्या २० तारखेआधी दोन दिवस, आणि वसुलीच्या दिवशी. बाकीचं टॅली घरून होतं. दुकानातला संगणक चालू ठेवायचा आणि एनीडेस्कनं घरून त्यावर काम करायचं. बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचे. मालकाला भीती एकच असते, आपला डेटा बाहेर जाईल. त्याला आधीच सांगा की डेटा दुकानातल्याच मशीनवर राहतो.

आणि तारीख सांगा. "जमेल तेव्हा येईन" म्हणू नका. "१६ ऑक्टोबरनंतर रोज, तोपर्यंत आठवड्यातून तीन दिवस" असं म्हणा. मुदत ऐकली की व्यापारी माणूस विचार करतो. त्या पन्नाशीच्या गृहस्थांना टॅली येतं का?

---

घरटं | १४ ऑगस्ट, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहायला वेळ झाला नाही.

ताळेबंदकाका, त्या गृहस्थांना टॅली येत नाही. मालकांना हे माहीत होतं, पण मी बोलेपर्यंत त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. काल दुकान बंद करताना मी त्यांच्याशी बोलले. कॅलेंडरचं पान फाडून सोबत नेलं होतं, त्यावर गोल केलेली १६ ऑक्टोबर. त्यांच्या गल्ल्यासमोर ठेवलं. बराच वेळ ते पानाकडे बघत होते. मग म्हणाले, सोमवार, बुधवार, शुक्रवार ये, साडेसहाच्या बसला सोडतो. बाकी दिवस घरून. पगारातून तीन हजार कमी. मी हो म्हटलं. वाईट वाटलं, पण रोजचं बसभाडं वाचतंय ते धरलं तर महिन्याला फार फरक पडत नाही.

ओळखपत्राचं नवऱ्याला सांगून टाकलं. तो चिडला नाही. म्हणाला, मीच तुझ्यासाठी विचारणार होतो. मग दोघांनी मिळून नाही म्हणून कळवलं.

दूरदेशी, तुम्ही सांगितलंत तसं आमदारांना लिहिलं. टेस्टचा पर्याय द्या किंवा पहिल्या डोसवाल्यांना निदान गर्दी नसलेल्या वेळा द्या, फेब्रुवारीत सकाळी सातच्या आत आणि दुपारी १२ ते ४ अशा वेळा होत्याच ना, असं मांडलं. सोबत आमच्या बसमधल्या एकवीस जणांच्या सह्या आहेत. भांडुपकरदादा, त्यातल्या निम्म्यांनी आधी तुमच्यासारखंच "सरसकट उघडा लिहा" म्हटलं. मी तसं लिहिलं नाही, पण त्यांनी सही केली. बसची गर्दी काही वेगळी नसते हे तुमचं म्हणणं मात्र पत्रात घातलंय.

निशिगंध, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी खूप रडले. बरं वाटलं.

अजून एक मदत हवी आहे. शुक्रवारी मात्र वसुली असते, त्या दिवशी आठपर्यंत थांबावंच लागेल. फोर्ट, मस्जिद, क्रॉफर्ड मार्केट या भागातून रात्री साडेआठच्या सुमारास डोंबिवली किंवा पलावाकडे कुणाची गाडी जाते का? पेट्रोलचा वाटा देईन. बाई असतील तर जास्त बरं. इथेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.