मशीन बिघडलेलं नसतं दर वेळी
"तिशीत कसलं बीपी, मशीनच बिघडलं असेल" असं कुणीतरी म्हटलंय. एकतिसाव्या वर्षी मीही हेच म्हणालो होतो. ऑफिसच्या तपासणीत १५२/९८ आलं. जिना चढून, चहा ढोसून थेट खुर्चीत बसलेलो, त्यात दंडाचा पट्टा आखूड. आखूड पट्ट्याने आकडा फुगतो, हे खरंच. म्हणून आठवडाभर घरी मोजलं: पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून. तरी वरचा आकडा १४५च्या खाली येईना! डोकेदुखी नाही, चक्कर नाही, काही म्हणजे काही नाही. डॉक्टरांनी आधी मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासायला लावलं, कमी वयात कारण तिथेही असू शकतं म्हणून. दोन्ही ठीक निघाले. मग त्यांनी मिठाकडे मोर्चा वळवला, विचारलं, जेवताना पापड किती? (लोणचं आणि चारचं फरसाण मी आपणहून सांगितलं नाही, बायकोने सांगितलं.)