मुलं मुलांना शिकवतायत, पण पुढाकार कोणीच घेत नाही. मदत हवी आहे

ऐरोलीची काकू:
नमस्कार मंडळी, लांबलचक झालंय, सांभाळून घ्या. आमच्या सोसायटीतली आठवी ते अकरावीची नऊ मुलं दर शनिवारी पाच ते साडेसहा दिघ्याच्या एका वस्तीत तिसरी ते सहावीच्या पोरांचा अभ्यास घेतात, तिथल्या समाजमंदिरात. डोक्यात आलं ते गेल्या गणपतीत. विसर्जनाला हीच मुलं निर्माल्य गोळा करायला उभी होती, रात्री अकरापर्यंत, आणि कोणी काही न सांगता आपापसात कामं वाटून घेतली, एकीने हारांचे दोरे सोडवायचे, एकाने प्लास्टिक बाजूला काढायचं, दोघांनी लोकांच्या हातातून पिशवी मागून घ्यायची (हे सगळ्यात कठीण, लोकांना पिशवीसकट पाण्यात टाकायचं असतं). म्हटलं ही पोरं क्लास सहज चालवतील.

कसलं काय. इथे प्रत्येक गोष्टीला "काकू, आज काय घ्यायचं?" मागच्या महिन्यात मला ताप आला, ग्रुपवर टाकलं की मी येत नाहीये, तर नऊपैकी एकही गेलं नाही. वस्तीतली मुलं दप्तरं घेऊन बंद दाराबाहेर पायरीवर बसून होती, हे मला नंतर अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. फार लागलं मनाला.

दुसरं, आमची ९५ टक्केवाली एका चौथीतल्या मुलाला म्हणाली, "एवढंही येत नाही?" तो पुढचे दोन शनिवार आलाच नाही. मग त्यालाच आमच्या एका नववीतल्याने, जो स्वतः गणितात कसाबसा पास होतो, वजाबाकी शिकवली. ५२ वजा २७. खिशातून दहाच्या पाच नोटा आणि दोन रुपये काढून मांडले, "दोनातून सात कसे देशील? मग दहाची एक मोडून सुट्टे आण ना." पोराला पाच मिनिटांत कळलं, आणि मला वाटतं यालाही ते तेव्हाच कळलं!

ह्याला प्रमुख करावं असं मनात आहे, पण त्या मुलीच्या आईने आधीच विचारून ठेवलंय, सर्टिफिकेटवर लीडर लिहाल ना म्हणून. तर प्रमुख मी नेमू की मुलांना निवडू देऊ? आणि दहावीची दोघं डिसेंबरनंतर येणार नाहीत, त्यांचं काय करायचं?

कोपरीकर:
ताई, समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते?

ऐरोलीची काकू:
माझ्याकडे. का?

कोपरीकर:
आणि विसर्जनाला तुम्ही कुठे होतात?

ऐरोलीची काकू:
घरी. आमच्याकडे पाहुणे होते. बरं, कळलं 😅

जुनी एनएसएसवाली:
मी कॉलेजात एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजना) होते, वर्षाला १२० तास सेवेचं काम, दोन वर्षांत २४० आणि वर सात दिवसांचं शिबीर. तास भरायलाच आलेली निम्मी होती, खोटं कशाला बोलू, मीपण त्यातलीच. पण शिबिरात स्वयंपाकाची पाळी आली आणि पन्नास जणांचा भात करपवला तेव्हा कुठे जबाबदारी कशाशी खातात ते कळलं. त्यामुळे सर्टिफिकेट द्या, फक्त त्यावर पद नको, काम लिहा, किती शनिवार आली आणि कोणाला काय शिकवलं. प्रमुख दर महिन्याला बदला, म्हणजे आयांची भांडणंही नकोत. दहावीवाल्यांच्या हाताखाली आत्तापासूनच एकेक आठवीचं पोर द्या. आणि वस्तीतली सहावीची मुलं पुढच्या वर्षी सातवीत जातील ना, त्यांना तिसरीच्यांना शिकवायला घ्या की. सोसायटीच्यांनीच कायम द्यायचं आणि वस्तीच्यांनी घ्यायचं असं का?

कोपरीकर:
+१. फक्त लहान मुलं आहेत, तेव्हा मोठं माणूस तिथे हवंच. कोपऱ्यात बसा, भाजी निवडा, तोंड उघडू नका.

ऐरोलीची काकू:
अपडेट देते. किल्ली नववीवाल्याकडे दिली. पहिल्याच शनिवारी घरी विसरून आला. मी मेथी निवडत गप्प बसले, फार जड गेलं. क्लास पायरीवरच भरला, दोघांनी पोरांना उतरत्या पायऱ्यांवर वजाबाकी करायला लावली. ९५ टक्केवाली म्हणाली पुढच्या वेळी किल्ली माझ्याकडे द्या. द्यावी का?