मुलीने गवंडीकाम शिकावं का?

साताऱ्याची_मावशी:
भाचीने बारावीनंतर आयटीआयला गवंडीच्या ट्रेडला प्रवेश घेतलाय आणि घरात सुतक पडल्यासारखं वातावरण आहे. तिचे काका म्हणतात, "वायरिंग एकवेळ चाललं असतं, पण पोरीची जात आणि हातात थापी?"

कुठल्याही साइटवर जाऊन बघा. वाळू चाळते कोण? घमेलं डोक्यावर घेऊन परांचीवर चढते कोण? बाईच. तेव्हा तिचा नाजूकपणा कुणाला आठवत नाही. माल वाहायला बाई चालते, तो भिंतीला लावायला चालत नाही. बिगाऱ्याच्या आणि मिस्त्रीच्या हजेरीत, म्हणजे रोजच्या मजुरीत, जो फरक आहे तो इथेच आहे, आणि म्हणून माझा भाचीला पूर्ण पाठिंबा. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_काका:
भावना पोचल्या. काम कोण देणार? मी लहान बांधकामं घेतो. गिलावा उक्ता जातो, स्क्वेअर फुटावर. मिस्त्री आपली टोळी घेऊन येतो: भाऊ, मेहुणा, गावाकडची दोन पोरं. रात्री साइटवरच पथारी. त्यात परकी मुलगी कुठे बसवू? सर्टिफिकेट बघून भिंत कुणी देत नाही हो.

नदीकाठ:
काका, झारखंडात स्वच्छ भारतच्या वेळी शौचालयं बांधायला मिस्त्री पुरेनात, तेव्हा बचत गटातल्या बायकांनाच शिकवलं. 'रानी मिस्त्री' म्हणतात त्यांना. जमतं की!

खडूस_काका:
जमत नाही असं म्हणालो कुठे? सरकारी योजना असली की काम मिळतं. ती संपल्यावर त्या बायका मजूर नाक्यावर उभ्या राहिल्या तर ठेकेदार त्यांना काय म्हणून नेईल? घमेल्यालाच ना?

ओळंबा:
मी मिस्त्रीचा मुलगा. सिमेंटने बोटांच्या पेरांना भेगा पडतात, मीठ लागलं की जेवताना डोळ्यांत पाणी येतं. छताचा गिलावा मान वर करून, त्यामुळे बाबांची मान आता वळतच नाही. त्यांनी मला थापीला हात लावू दिला नाही. ज्यांच्या घरात हे काम नाही त्यांनाच त्याचं कौतुक. मुलीला सिव्हिलचा डिप्लोमा करू द्या.

साताऱ्याची_मावशी:
बाबांचं बरोबरच आहे. आई काय करायच्या?

ओळंबा:
बाबांच्या हाताखाली बिगारी. एकास चारचा माल, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, तीच कालवायची, पाणी किती ते बाबा तिलाच विचारायचे. मुकादम दोघांचे पैसे बाबांच्या हातात द्यायचा.

तरी माझं मत तेच आहे.

नदीकाठ:
म्हणजे आईला अर्धी मिस्त्रीकी येत होती आणि पगार बिगाऱ्याचा, तोही नवऱ्याच्या हातात! समान वेतनाचा कायदा 1976 पासून आहे, पण काम 'समान' धरलंच नाही तर कायदा काय करणार? बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज नवा मालक. दाखला द्यायचा कुणी?

खडूस_काका:
कायद्याचं सांगू नका. 1996 च्या कायद्यात पाळणाघर होतं ते 50 पेक्षा जास्त बायका असतील तिथे. माझ्या साइटवर असतात चार. बाळ साडीच्या झोळीत, वाळूच्या ढिगाशेजारी. मलाही ते बघवत नाही, पण आहे ते असं आहे.

मावशी, खरंच मुलीचं भलं बघायचं तर तिला पुढे फरशी आणि टाइल्सकडे वळवा. जुन्या फ्लॅटची कामं असतात, संध्याकाळी घरी जाता येतं, आणि घरात बाई कारागीर आलेली घरमालकिणीला आवडेलही.

साताऱ्याची_मावशी:
मग अ‍ॅप्रेंटिस म्हणून तुम्हीच घ्या ना. साइटवर संडास आहे का?

खडूस_काका:
आहे. किल्ली सुपरवायझरकडे असते.

साताऱ्याची_मावशी:
मग त्या चार बायका कुठे जातात?

खडूस_काका:
…किल्लीचं बघतो. दसऱ्यानंतर नवी साइट सुरू होतेय, तेव्हा मेसेज करा. फरशीलाच घेईन, गिलाव्याला नाही. आणि माझं मत बदललं असं कुणी समजू नये.

ओळंबा:
काका, हजेरी कसली लावणार, बिगाऱ्याची की शिकाऊ मिस्त्रीची? ते आधी ठरवा.