मदत हवी आहे: रंगीत आणि कृष्णधवल स्कॅन टर्मिनलवरून वेगळे कसे काढायचे?

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या जुन्या फोटोंचे आणि पत्रांचे साधारण ६०० स्कॅन माझ्या उबुंटू (लिनक्स) संगणकावर आहेत. त्यांचं घरगुती पुस्तक छापायचंय. छापखान्याने कृष्णधवल आणि रंगीत पानं वेगळी मागितली आहेत. एकेक फाइल उघडून बघणं जमेल, पण डोळे दमले की चुका होतात, आणि या फोटोंत मला चूक नकोय.

इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या प्रोग्रॅमच्या 'आयडेंटिफाय' कमांडने कलरस्पेस विचारली, तर सगळीकडे एकच उत्तर: एसआरजीबी, म्हणजे नेहमीची रंगीत पद्धत. बरोबरच आहे म्हणा, स्कॅनरने सगळं रंगीत मोडमध्येच घेतलंय. कलरस्पेस म्हणजे फाइल कशी साठवली आहे ते. चित्रात रंग खरोखर आहे का, हे त्यावरून कळत नाही. फाइलमधली माहिती वाचणाऱ्या एक्झिफटूलमधूनही रंगाच्या प्रोफाइलचं नाव मिळतं, तेवढंच.

मग चित्र एचएसएलमध्ये (रंगछटा, तीव्रता आणि उजळपणा वेगळे मोजणारी पद्धत) बदलून सॅच्युरेशन चॅनेलची, म्हणजे रंगाच्या तीव्रतेची, सरासरी काढली. इथे खरी अडचण आली. जुने कृष्णधवल फोटो पिवळे पडलेत, त्यांची सरासरी चांगलीच वर जाते. उलट पांढऱ्या पत्रावर कोपऱ्यात एकच लाल शिक्का असेल, तर तो सरासरीत हरवतो. कमाल किंमत घ्यावी, तर जेपेगमधल्या बारीक डागांमुळे प्रत्येक फाइल रंगीत ठरते. शिवाय एचएसएलमध्ये जवळजवळ काळ्या पिक्सेललाही भरपूर सॅच्युरेशन मिळतं.

पिवळटपणा वगळून रंग कसा मोजायचा? चित्र आधी लहान करून ह्यूचा (रंगछटेचा) पसारा बघावा, की एचसीएल या दुसऱ्या पद्धतीतला क्रोमा (रंगाची तीव्रता) घ्यावा? कुणी असं केलं असेल तर कमांडसकट सांगा, प्लीज.